वासावर भाजलेले दाणे

माझ्या आईने उभ्या आयुष्यात कढईत बघून दाणे भाजले नाहीत. कढई गॅसवर, दाणे कढईत आणि आई तिसरीकडेच. कधी बाहेर नळावर हंडा लावून उभी, कधी शेजारणीच्या दारात, कधी क्वार्टरांच्या लाइनीच्या पार टोकाला कपडे वाळत घालताना. आणि तिथून एकदम आरोळी यायची, "बंद कर गोऽ!"

ही आरोळी माझ्यासाठी असायची. वडील भातसा धरणावर नोकरीला होते आणि आम्ही भातसानगरच्या वसाहतीत राहायचो. नव्वद-एक्क्याण्णवचा सुमार असेल. मी दहावीच्या आसपास होते आणि मला उलथणं धरून कढईपाशी उभं केलेलं असायचं. एका हातात इतिहासाचं पुस्तक, दुसऱ्या हातात उलथणं. "हलव", "बारीक कर", "आता जरा मोठा कर" हे सगळे हुकूम बाहेरून सुटायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, हे मला मराठीच्या बाईंनी शिकवायची गरजच पडली नाही.

तिला सगळं वासावर कळायचं. भिंतीपलीकडून, नळावरच्या भांडणातून, वाऱ्याच्या उलट दिशेने सुद्धा. मी कढईवर नाक धरून उभी असायचे आणि मला काही कळायचं नाही, आणि ती वीस पावलांवरून सांगायची की उजव्या अंगाचे दाणे लागतायत. बघावं तर खरंच उजव्या अंगाचे लागत असायचे. मला इतका राग यायचा! एकदा मुद्दाम म्हणून मी ती म्हणाल्यानंतर थोडं थांबून गॅस बंद केला. आत येऊन तिने कढईकडे न बघताच माझ्या पाठीत धपाटा घातला.

"मला शिकव ना मग, कसा वास आला की बंद करायचं," मी म्हणायचे.

"तू नुस्तं हलव. शिकायचं काय त्याच्यात?"

हे तिचं ठरलेलं उत्तर. बाकी सगळं तिने शिकवलं, भाकरी थापायला, मासे साफ करायला, अगदी स्टोव्हची पिन मारायला. दाणे तेवढे स्वतःकडे ठेवले. कारण दाण्यांवर तिचं नाव होतं. वसाहतीत कुणाकडे लग्न निघालं, की लाडवांसाठी आणि वाटणासाठी किलो किलो दाणे भाजावे लागायचे, आणि त्या दिवशी पहिलं बोलावणं आईला. तिथेही ती कढईजवळ फिरकायची नाही. मांडवात खुर्चीवर बसायची, चहा प्यायची, गप्पा मारायची आणि मध्येच मान वळवून म्हणायची, "उतरवा." बायका लगेच कढई उतरवायच्या. साहेबांच्या बायकासुद्धा तिला "वहिनी, जरा दाण्यांकडे नाक असू द्या हं" असं सांगून जायच्या. शाळेत चौथीच्या पुढे न गेलेल्या माझ्या आईला एवढा मान दुसऱ्या कशाने मिळाला असता असं मला वाटत नाही.

मला मात्र त्या मानाचा फटका बसला. पंच्याण्णव साली माझं लग्न झालं, मी मुरबाडला आले, आणि सासरी पहिल्याच संकष्टीला सासूबाईंनी अर्धा किलो घुंगरू जातीचे शेंगदाणे पुढ्यात ठेवले. मी मोठ्या झोकात कढई चढवली. सवयीने हलवत राहिले. हलवत राहिले आणि आरोळीची वाट बघत राहिले. आरोळी कुठून येणार? दाणे असे करपले की खिचडी कडूजहर झाली आणि सासूबाई उपाशी राहिल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माहेरी गेलीस की आईकडनं भाजूनच आण." त्यांनी टोमणा मारला नव्हता, साधी सोय सांगितली होती, म्हणून ते जास्तच लागलं.

तेव्हापासून माहेरहून दर महिन्याला भाजलेल्या दाण्यांचा डबा येऊ लागला. मी ज्या शाळेत शिकवायचे तिथले एक सर शहापूरहून येऊन-जाऊन करायचे, ते बिचारे पिशवीतून डबा आणायचे. वडील तोवर निवृत्त होऊन आसनगावच्या बाजूला लहानसं घर बांधून राहिले होते, त्यामुळे सरांना ते वाटेवरच पडायचं. तिशी ओलांडली, दोन मुलं झाली, शेकडो पोरांना मी पाढे शिकवले, तरी दाणे आईचेच. स्टाफरूममध्ये त्याची चेष्टा व्हायची. डबा उघडला की मात्र सगळ्यांचे हात आत.

आणि मग एका श्रावणात डबा आला तो करपलेला.

पूर्ण काळे नव्हते. काळे वेचून काढले असावेत, पण उरलेलेही आतून तपकिरी, कडसर. आईचे दाणे आणि करपलेले? मी सरांना विचारलं, डबा बदलला का वाटेत कुणाशी? ते हसले. मी शेजारच्या बूथवरून माहेरी फोन लावला. आई म्हणाली, "झालं असंल एक डाव. पाहुणे आलते." मी म्हटलं, ठीक.

पुढच्या महिन्यातला डबा कच्चा. साल सुटेना, चावला तर चिवट. कूट करायला गेले तर मिक्सरमध्ये लगदा झाला. मी पुन्हा फोन केला आणि या वेळी चांगलीच तडकले. "आई, अगं लक्ष कुठे असतं तुझं? एकदा करपवतेस, एकदा कच्चे पाठवतेस. नसतील होत तर सांग, मी दुकानातून भाजलेले आणीन." हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. ती म्हणाली, "आण मंग," आणि फोन ठेवला. माझी आई उलट उत्तर न देता फोन ठेवते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. मी चिडलेली होते.

तिकडे वडील माझ्याहून जास्त चिडलेले. त्यांनाही रोज जेवताना कडू चटणी मिळत होती. नोकरीत असताना ज्यांनी स्वयंपाकघरात पाण्याचा पेला भरून घेतला नाही, त्या माणसाने गणपतीनंतर जाहीर केलं की यापुढे दाणे ते भाजणार. धरणावर बत्तीस वर्षं घड्याळाबरहुकूम काम केलेलं. त्यांनी अलार्मचं घड्याळ ओट्यावर आणून ठेवलं.

"बारा मिनटं. एक मिनट हिकडं नाय का तिकडं नाय. त्यात वास बीस घ्यायचं काय काम?"

मी एका रविवारी गेले होते तेव्हा हा सोहळा स्वतः पाहिला. वडील बनियनवर, खांद्याला टॉवेल, चष्मा नाकावर, कढईत डोळे घालून. स्वयंपाकघरात कुणी यायचं नाही. दोन्ही बर्नर अडलेले, कारण दुसऱ्यावर ते मूठभर दाणे "नमुना" म्हणून वेगळे भाजत होते. भात खोळंबलेला, माझी मुलं भुकेली, त्यांच्याकडेच राहणारा माझा भाऊ वैतागून अंगणात फेऱ्या मारतोय. अलार्म वाजला. वडिलांनी गॅस बंद केला. पण दाणे होते पावसाळ्यातले, सादळलेले. ते कसले बारा मिनिटांत होतात? पुन्हा चढवले, पुन्हा अलार्म लावला. मग सुपात घेऊन अंगणात पाखडायला गेले. पाखडण्याची सवय नाही, वारा समोरून, सगळी सालं अंगावर आणि निम्मे दाणे मातीत.

एरवी आईने हे बघून त्यांची जी हजेरी घेतली असती, ती ऐकायला मी आसुसलेली होते. ती उंबऱ्याशी बसून दोडक्याच्या शिरा काढत होती. तिने मान वर केली नाही.

"आई, बघ ना काय चाललंय हे!"

"करू दे की त्यांना. टाइम जातो."

मला तिचाही राग आला. म्हातारपणी माणसं आळशी होतात, अंग काढून घेतात, असं मी मनात म्हणाले. त्याच आठवड्यात समोरच्या आळीत लग्न होतं. तिथली बाई आईला बोलवायला आली तर आईने गुडघा पुढे केला. "चालवत नाय गो." तापाने फणफणलेली असताना खर्डीला मामेबहिणीच्या घरी दाणे भाजून देऊन आलेली बाई ही, तिला शंभर पावलं चालवत नव्हती!

घटस्थापनेनंतर दोन-तीन दिवसांनी, शाळेला सुट्टी होती म्हणून, मी न कळवता माहेरी गेले. मुरबाडहून सरळगाव, तिथून किन्हवलीवरून शहापूर, पुढे रिक्षा. दुपार झाली होती. वडील बाजारात गेलेले, भाऊ कामावर. चपला काढताना ओटीवरच मला गॅसचा वास आला. थोडाथोडका नाही, डोकं धरणारा.

मी आत धावले. आई स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती. एका बर्नरवरचं दूध उतू जाऊन ज्योत विझलेली, बटण तसंच चालू. दुसऱ्या बर्नरवर कढई, कढईत दाणे. वडील घरात नाहीत ही संधी साधून ती चोरून दाणे भाजायला निघाली होती. तिच्या एका हातात काडेपेटी होती आणि दुसऱ्या हातात काडी.

मी काय ओरडले ते आठवत नाही. मी तिच्या हातावर फटका मारला, काडेपेटी उडाली, सिलेंडरचा खटका बंद केला, खिडकी उघडली आणि तिला ओढत अंगणात आणलं. मग मी तिच्यावर तुटून पडले. नको नको ते बोलले. म्हातारी झालीस, भान उरलं नाही तुला, घर पेटवलं असतंस, एवढा वास भरलाय घरात, ओटीवर येतोय, तुला...

"कसला वास?" आई म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. ती खरंच विचारत होती.

तुळशीपाशी उदबत्ती जळत होती. मी ती उपटून तिच्या नाकाशी धरली. तिने मान हलवली. मी तुळशीची पानं चुरडली. तिने पुन्हा मान हलवली, आणि मग माझा हात बाजूला केला. "नको करू गो. मी सगलं करून बघितलंय. कांदा, रॉकेल, सुकट. कायपन येत नाय."

आषाढात तिला मोठा ताप येऊन गेला होता, सर्दी महिनाभर हटली नव्हती. ताप गेला, सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली. तीन महिने ती हे एकटीने लपवून होती. दाणे भाजताना आधी करपायचे म्हणून ती मग लवकर उतरवायची, ते कच्चे राहायचे. आम्ही सगळे तिला वेंधळी म्हणत होतो, आळशी म्हणत होतो, आणि ती म्हणू देत होती.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर दाणे भाजू दिलं असतं मला?"

"अगं पण बघून भाज ना! चार वेळा कढईत डोकावलं तर काय बिघडतं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वेडी. "बघून काय, कोनी बी भाजील."

मी अंगणातच बसून रडले. मला स्वतःचाच संताप आला होता. दुकानातून आणीन म्हणाले होते मी. आई म्हणाली, "दूध गेलं ना सगलं? उपास हाय माजा. च्या कशाचा करू आता?"

वडिलांना सांगू नकोस म्हणून तिने मला शपथ घातली. मी ती मोडली, गॅसचा प्रश्न होता. वडिलांनी अलार्मचं घड्याळ उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवलं आणि त्या दिवसापासून, स्वयंपाक झाला की सिलेंडरचा खटका स्वतः बंद करायचा आणि दोनदा बघायचा, हे काम लावून घेतलं. कल्याणच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, येईल, न येईल, सांगता येत नाही. पुढे कधीतरी कापराचा वास तिला पुसट यायला लागला, बाकी नाही.

त्या डॉक्टरांकडून परतलो त्याच संध्याकाळी तिने कढई काढली. मला उलथणं दिलं आणि स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून.

"सांग, कसा वास येतो."

"दाण्यांसारखा येतोय, अजून कसा येणार?"

"बाय गो, मास्तरीण ना तू? नीट सांग."

मी वैतागले. दिवसभर प्रवास झालेला, दुसऱ्या दिवशी शाळा, आणि ही माझी वासाची परीक्षा घेते. पण नाक खाली नेलं. "मातीचा येतोय. गोणपाटाचा."

"हां, वरची माती ती. हलव."

थोड्या वेळाने मी म्हणाले, "आता हिरवट. कच्च्या पावट्यासारखा."

"पानी चाललंय त्यांचं. बारीक कर."

"आता... गोड आहे जरासा. दूध तापवल्यासारखा."

मी दारात जाऊन पुढे वाकून बघितलं तर तिने डोळे मिटले होते.

"आई?"

"गोडाच्या मागनं अजून एक येल. थांब. लाकडाचा, सुक्या लाकडाचा. आला की सांग."

मी थांबले. इतकी वर्षं मी त्या कढईवर वाकून उभी राहिले होते आणि मला कधी काही कळलं नव्हतं. कारण मी वास घेतच नव्हते, मी आरोळीची वाट बघत होते. गोडाच्या मागून खरोखरच एक वास आला. बारीक, कोरडा, रंधा मारलेल्या फळीसारखा.

"आला!"

"मंग बंद कर ना गो! सांगत काय बसलीस?"

सगळे दाणे एकसारखे, खरपूस. साल फुंकरीने उडत होती. आईने एक दाणा दाढेखाली धरून कटकन फोडला, तो आवाज ऐकला आणि म्हणाली, "बरा हाय." माझ्या दहावीच्या निकालालासुद्धा ती एवढंच म्हणाली होती.

याचा परिणाम काय झाला, तर त्यानंतर शहापूर-आसनगावकडे कुणाच्याही घरी लग्न निघालं की मला मुरबाडहून एस्ट्या बदलत यावं लागायचं. कारण आईचा गुडघा एकाएकी बरा झाला होता. ती बोलावणी घ्यायची आणि मला फोन यायचा, "रईवारी ये." कारण विचारायची सोय नाही. मुलांची परीक्षा असो, पेपर तपासायचे असोत. नवरा म्हणायचा, जगात दाणे भाजायला बाई मिळत नाही का? मीही हेच म्हणत, चरफडत यायचे. मांडवात आई खुर्चीवर आणि मी चुलीपाशी, धुरात. मध्येच पदर सावरायच्या निमित्ताने तिच्या कानाशी जाऊन सांगायचं, "हिरवट गेला." "गोड आलाय." मग ती मान वळवून बायकांना म्हणायची, "बारीक करा," आणि पुन्हा गप्पांना लागायची. दोन वर्षं हे नाटक चाललं. कुणाला संशय आला नाही.

मग एका लग्नात, मोठ्या कढईत पाच किलोंचा घाणा, लाकडांचा जाळ. मी आईच्या कानाशी लागले, तिने सांगितलं, बायकांनी लाकडं ओढली, दाणे सोन्यासारखे उतरले. घरधनीण कौतुकाने म्हणाली, "मावशी, एवढं वय झालं पन तुमच्या नाकाला तोड नाय बघा."

आई चहा पीत होती. ती नेहमीसारखी गप्प बसेल असं मला वाटलं. तिने बशी खाली ठेवली आणि अंगठ्याने माझ्याकडे दाखवलं.

"नाक तिचं हाय. माजं कवाच गेलं. मी नुस्ती बोलते."

बायका खो खो हसल्या. मावशींची चेष्टा म्हणजे चेष्टा. कुणीही ते खरं धरलं नाही. दुसरा घाणा चढला होता आणि मी उलथणं हातात धरून आईकडे बघत उभी होते. सोळाव्या वर्षापासून तिने मला "नुस्तं हलव" म्हटलं होतं.

"माज्याकडं काय बघतेस?" आई खेकसली. "कढईत बघ!"

मी वळले, पण उशीर झाला होता. तो घाणा सगळा करपला. आईने हे मला पुढे जन्मभर ऐकवलं.